भावंडांचे पुनर्वसन एकत्रच झाले पाहिजे

उजनीच्या पाण्याकाठच्या काही गावांच्या नावांपुढे आकडे आहेत. केत्तूर नंबर १, केत्तूर नंबर २, वांगी नंबर १, वांगी नंबर ३. परक्या माणसाला ही सरकारी दप्तराची एक सोय वाटते. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र त्या आकड्यांत मोडलेल्या गावाची आठवण दिसते. भीमेवरील या धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या जलाशयाखाली करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांतील काळीभोर जमीन आणि नांदती गावे गेली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे उजनीच्या कामाला दहा वर्षे होऊन गेल्यावर. तोवर कोणी माळावर, कोणी रस्त्याच्या कडेला, कोणी सोयऱ्याच्या रानात असे जमेल तेथे बसले होते.

त्या काळात काठावरच्या शेतकऱ्याची मागणी जमिनीपुरती नव्हती. शेजार, भावकी, देऊळ आणि शाळा यांसह गाव एकत्र बसवा, असे तो म्हणत होता. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीने दिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या चळवळीसाठी आयुष्याची वर्षे वेचली. नाती तोडून केलेले पुनर्वसन हे पुनर्वसनच नव्हे, हा या चळवळीने शिकविलेला धडा होता. हाच धडा आज त्याच गावांतील अनाथ मुलांना लावून पाहण्याची वेळ आली आहे. आईबाप गमावलेल्या भावंडांना, आणि विशेषतः पाच-सहा वर्षांवरील मुलांना, कायमचे घर मिळवून देण्याचा प्रश्न हासुद्धा पुनर्वसनाचाच प्रश्न आहे. त्याची कसोटीही तीच असली पाहिजे.

तेराव्याच्या दिवशीचा निवाडा

घरातील कर्ता पुरुष गेला आणि त्याच्या मागोमाग बाईही गेली, की तेराव्याच्या दिवशी ओसरीवर मुलांचा निवाडा होतो. त्यात कोणाच्या मनात पाप असतेच असे नाही. पाहुणेमंडळींपैकी प्रत्येकाच्या घरी चार खाणारी तोंडे असतात, आणि तीन मुले एकदम सांभाळण्याची ऐपत कोणाजवळच नसते. मग वाटणी होते. थोरला तेरा-चौदा वर्षांचा. रानात, गुरांमागे, जाळ्यावर हाताशी येईल म्हणून चुलता त्याला ठेवून घेतो. मधली मुलगी मामाकडे किंवा आत्याकडे जाते आणि दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बालविवाहांचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव आजही घेतले जाते; त्यामागे पोरक्या मुलींचे ओझे लवकर उतरविण्याची ही रीतही आहे. धाकटे पोर बालगृहात दाखल होते. ज्या तिघांनी आईच्या मागे एकमेकांचा हात धरला होता, ते एका दिवसात तीन ठिकाणी जातात.

उजनीकाठी या वाटणीला आणखी एक पदर आहे. जलाशयाने सोयरिकीच्या गावांमध्ये पाणी आणून सोडले. कुगावसारख्या गावाचे पाहुणे समोरच्या इंदापूर तालुक्यात असतात. रस्त्याने जावे तर मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे बोटीने जातात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले; त्यांत लहान मुलेही होती. पैलतीरावरच्या मामाकडे पाठविलेली बहीण आणि अलीकडे राहिलेला भाऊ यांच्यामध्ये हे पाणी असते.

त्यांच्यामध्ये जिल्ह्याची सीमाही असते, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्यात, पलीकडचा पुणे जिल्ह्यात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांचा निर्णय करणाऱ्या बालकल्याण समित्या जिल्हावार असतात. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकरांची प्रकरणे दोन जिल्ह्यांच्या दोन समित्यांपुढे, दोन वेगळ्या फायलींत जाऊ शकतात. एका फायलीत दुसऱ्या भावंडाचा नीट उल्लेख नसला, तर सरकारच्या लेखी ती भावंडे उरतच नाहीत.

वारस हवा होता तेव्हा

मोठ्या मुलाला घरात घेण्याची गोष्ट काढली की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. कळत्या वयाचे पोर रुळत नाही, त्याला आपल्या माणसांची आठवण राहते, म्हणून घ्यायचे तर तान्हे घ्यावे. हा आक्षेप अनुभवाचा म्हणून सांगितला जातो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. जुन्या मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याच्या परंपरेने दत्तकाला वयाची अट ठेवली नव्हती. लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. वतन राखायचे होते, वाड्याला वारस हवा होता, पिंडदानाला हात हवा होता, तेव्हा मिशा फुटलेला दत्तकही घरात उत्तम रुळत होता. गरज घराण्याची होती तोवर वय आडवे आले नाही. गरज मुलाची झाली तेव्हा मात्र पाच वर्षांचे पोरही थोराड ठरू लागले. वयाची ही अडचण स्वभावातून आलेली नसून हेतूतून आलेली आहे, हे यावरून उघड व्हावे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने स्त्रियांना व मुलींना दत्तकाच्या व्यवहारात स्थान दिले, हे त्याचे मोठे कार्य. पण वारसाची जुनी कल्पना त्यातूनही पुरती गेली नाही. ज्याला मुलगा आहे त्याला त्या कायद्याखाली दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. ज्याला मुलगी आहे त्याला दुसरी मुलगी घेता येत नाही. याचा सरळ परिणाम असा की दोन सख्खे भाऊ किंवा दोन सख्ख्या बहिणी त्या कायद्याने एका घरात दत्तक जाऊच शकत नाहीत. रूढीचा आधार नसेल तर पंधरा वर्षांची मर्यादाही तेथे आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा या बाबतीत फार पुढे गेला आहे. तो धर्म पाहत नाही, वारस पाहत नाही. मुलाचे हित पाहतो. त्याच्या कलम ४४ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, प्रतिपालक कुटुंबात मुले ठेवताना भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा. त्यांच्या हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. याच कायद्याने काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना नात्यातील दत्तकाचा मार्ग मोकळा केला. २०२१ मधील दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आणि ती सप्टेंबर २०२२ पासून अमलात आहे. कायदा झाला आहे. तो गावापर्यंत पोचलेला नाही.

या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला पुढे आपला मुलगा केले. उजनीचे पाणी ज्या नदीने पंढरपूरला जाते त्या चंद्रभागेच्या काठी १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या अर्भकांसाठी आसरा उघडला. प्रार्थना समाजाने चालविलेली ती संस्था वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली जाते. दीडशे वर्षांपूर्वी प्रश्न अर्भकाचा जीव वाचविण्याचा होता. आज वाचलेल्या आणि वाढत चाललेल्या मुलांना माणसे मिळवून देण्याचा प्रश्न समोर आहे.

रांग आहे, पण कोणासाठी?

दत्तकासाठी देशात मोठी रांग आहे, हे खरे आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालाप्रमाणे डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ इच्छुक पालक नोंदविले गेले होते. २०१७ मध्ये ही संख्या सुमारे १८ हजार होती. त्याच अहवालाप्रमाणे संस्थांमधील दत्तकयोग्य मुले होती ६,९९६, आणि त्यांतील अवघी २,४३० दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरविली गेली होती. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर मागणी पुरवठ्याच्या कित्येक पट आहे. मग मोठी मुले आणि भावंडे संस्थेत का राहतात? कारण ही रांग मुलासाठी नाही, तान्ह्या आणि निरोगी मुलासाठी आहे. भावंडांची जोडी किंवा सहा-सात वर्षांचे मूल समोर आले की तीच रांग पातळ होते. बाजाराच्या नियमाने मुले वाटली तर असेच व्हायचे, आणि म्हणूनच हा व्यवहार मागणी-पुरवठ्यावर सोडता येत नाही.

दुसरे असे की, गावातील बहुतेक पोरक्या मुलांना दत्तकाची वाट मुळात लागूच होत नाही. त्यांना आजी असते, आजारी का होईना आई असते, तुरुंगात किंवा परागंदा झालेला बाप असतो. नाते तुटलेले नसते, फक्त सांभाळायला बळ नसते. अशा मुलांसाठी कायद्याने प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची तरतूद केली आहे. आईबापांशी नाते कायम ठेवून मूल दुसऱ्या कुटुंबात वाढते, आणि त्या कुटुंबावर शासनाची देखरेख असते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या राहणाऱ्या, अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. मूल दत्तकयोग्य असेल तर दोन वर्षांच्या सहवासानंतर त्याच कुटुंबाला दत्तकाची वाटही खुली केली. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. थोराड मुलांच्या दृष्टीने ही सुधारणा मोलाची आहे. तान्ह्या मुलाला घर निवडते; मोठ्या मुलाने आणि घराने एकमेकांना आधी ओळखावे लागते. त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ कायद्याने आता दिला आहे.

पैसा, जमीन आणि गड्याची भीती

येथे खर्चाचा प्रश्न येतो. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना २००५ पासून चालू आहे. कित्येक वर्षे तिच्यात दरमहा ४२५ रुपये मिळत. २०२३ पासून ती रक्कम २,२५० रुपये झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम प्रत्येक मुलामागे आहे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. तीन भावंडे एका घरी राहिली तर त्या घराला तिघांचे साहाय्य मिळू शकते. तेराव्याच्या दिवशी ओसरीवर बसलेल्या मामाला किंवा मावशीला हे माहीत असते, तर तिघांना तीन दिशांना पाठविण्याचा निर्णय कित्येकदा झाला नसता. गरिबीने केलेली ताटातूट पैशाने पुष्कळशी टाळता येते. पण पैसा वेळेवर मिळाला तरच. हप्ते महिनोन्महिने रखडतात ही योजनेविषयीची जुनी तक्रार आहे. भाकरी रोज लागते, आणि अनुदान वर्षातून एकदा आले तर त्यावर कोणी मूल वाढवू शकत नाही.

करोनाच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची ठेव ठेवली. ते योग्यच झाले. परंतु ज्यांचे आईबाप अपघातात, सर्पदंशाने, बाळंतपणात किंवा कर्जापायी गेले, त्यांचे पोरकेपण कमी प्रतीचे ठरते काय? मृत्यूचे कारण पाहून मुलाची किंमत ठरविणे हे कल्याणकारी राज्याला शोभणारे नाही.

पैशाबरोबर धोकाही येतो, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खेड्यात परके पोर ‘सांभाळायला’ ठेवण्याची चाल जुनी आहे, आणि पुष्कळ वेळा त्या सांभाळण्याचा अर्थ बिनपगारी गडी किंवा मोलकरीण असाच झालेला आहे. प्रतिपालकत्वाच्या नावाखाली हीच चाल नव्याने रुजली तर त्याहून संस्था बरी, असे म्हणावे लागेल. म्हणून मूल रोज शाळेत जाते काय, घरच्या मुलांच्या पंगतीला जेवते काय, त्याच्या अंगावर कामाच्या खुणा आहेत काय, हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला अधिकारी हे पाहू शकत नाही. ते शिक्षक, अंगणवाडीची ताई आणि आशा कार्यकर्ती पाहू शकतात. मोठ्या मुलाच्या संमतीलाही महत्त्व आहे. दत्तकाच्या नियमांनी पाच वर्षांवरील मुलाची संमती आवश्यक मानली आहे. ओसरीवरच्या निवाड्यात तेरा वर्षांच्या पोराला कोणी एक शब्दही विचारत नाही; कायदा पाच वर्षांच्या मुलाला विचारतो.

धोक्याचे दुसरे मूळ जमिनीत आहे. धरणाच्या पाण्याने काठावरच्या ज्या जमिनी भिजल्या त्यांना आज उसामुळे व केळीमुळे किंमत आली आहे. थोरल्या मुलाला चुलता ठेवून घेतो यामागे माया असते, तशी त्याच्या नावावरची दोन एकरेही असतात. आईबापांच्या मागे वारसनोंद ताबडतोब झाली पाहिजे आणि सातबाऱ्यावर सर्व भावंडांची नावे, मुलींसह, लागली पाहिजेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. अज्ञान वारसाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव लागले म्हणून जमीन त्या पालनकर्त्याची होत नाही. न्यायालयाच्या परवानगीवाचून खुद्द आईबापांनाही अज्ञान मुलाची जमीन विकता येत नाही. केवळ सांभाळणाऱ्या नातेवाइकाला तर मुळीच नाही. मुलाचा सांभाळ आणि मुलाची जमीन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, म्हणजे माया कोणाची खरी हे आपोआप कळते.

एक अवघड प्रश्न

भावंडांना एकत्र ठेवण्याच्या आग्रहावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. दोन वर्षांच्या धाकट्याला दत्तक घेणारे घर आज मिळते. नऊ आणि बारा वर्षांच्या भावंडांना मिळत नाही. मग तिघांच्या एकत्र राहण्यापायी धाकट्याचे घर हिरावून घ्यायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. कायद्यानेही अपवादाला जागा ठेवली आहे. परंतु अनेकदा तिघांसाठी घर शोधण्याचा प्रयत्नच झालेला नसतो आणि अपवाद हाच नियम बनतो. भावंडे वेगळी करायची तर कोणते प्रयत्न झाले आणि ते का फसले याची कारणे लेखी नोंदली गेली पाहिजेत. आणि अखेर वेगळे करावेच लागले, तर त्यांच्या भेटीगाठींची व्यवस्था दत्तकाच्या वेळीच ठरली पाहिजे. बारा वर्षांच्या बहिणीने ज्या भावाला कडेवर वाढविले, त्याला एके दिवशी गाडीत बसवून नेले आणि ‘त्याचे चांगले झाले’ एवढेच तिला सांगितले, तर तिच्या दुःखाची जबाबदारी कोणाची?

याहून वेगळे होऊ शकते, हे जगाने दाखविले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील इम्स्ट या गावी १९४९ मध्ये हेर्मान ग्माइनर यांनी बालग्रामाचा आरंभ केला. मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान घरे, प्रत्येक घराला एक आई, आणि भावंडे एकाच घरात. त्या पद्धतीची बालग्रामे पुढे पुण्यापर्यंत आली. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून भावंडांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न राज्यांवर बंधनकारक केला. तेथील समाज श्रीमंत आहे म्हणून हे जमले, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. उजनीकाठच्या गावांत एकत्र कुटुंबाची, शेजारधर्माची आणि आज्ज्यांची जी संपत्ती आहे, ती इम्स्टला उभी करावी लागली होती.

कार्यकर्त्यांचे काम

शासन सर्व काही करील अशी वाट पाहणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. शासनाला करायला लावणे हे त्याचे काम आहे. प्रत्येक गावात बालसंरक्षण समिती असावी असा शासनाचाच आदेश आहे. अनेक ठिकाणी ती कागदावर आहे. ग्रामसभेत तिची बैठक मागावी आणि गावातील आई किंवा बाप किंवा दोघेही नसलेल्या मुलांची यादी वाचली जावी. त्या यादीत एकेका मुलाऐवजी एकेक भावंडांचा गट लिहावा. एखाद्या घरी असा प्रसंग ओढवला तर तेराव्याच्या आत कार्यकर्त्याने तेथे जावे, बालसंगोपनाचा अर्ज भरून द्यावा, वारसनोंद लावून घ्यावी, आणि गरज पडल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. भावंडे दोन जिल्ह्यांत विभागली असतील तर दोन्ही समित्यांनी मिळून एकच निर्णय द्यावा, यासाठी सोलापूर आणि पुणे येथील कार्यकर्त्यांनी एकत्र पाठपुरावा करावा. निवृत्त शिक्षक, मुले शहरात गेलेली जोडपी, एकट्या राहणाऱ्या कर्त्या बाया यांच्यात प्रतिपालक होऊ शकणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे आजवर कोणी जाऊन विचारलेले नाही.

आणि अठरा वर्षे पुरी झाली म्हणून मूल मोठे झाले असे समजण्याची चूक करू नये. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला २१ वर्षांपर्यंत पश्चात साहाय्य देण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राने २०१८ पासून अनाथांना शिक्षणात व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी कोणीतरी सोबत कचेरीत यावे लागते. ज्याला दिवाळीला जायला घर नाही, त्याच्यासोबत कचेरीत कोण येणार? कायमचे घर म्हणजे अठराव्या वर्षानंतरही ज्याचे दार उघडे असते ते.

धरणाच्या वेळी माणसे उठविली गेली ती पाण्यासाठी, आणि त्या पाण्यावर जिल्हा हिरवा झाला. ज्यांनी गाव मोडताना पाहिले, त्यांना मोडलेल्या नात्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशय उणे साठ्यात गेला आणि जुन्या गावांच्या भिंती व देवळांचे दगड पुन्हा वर आले, तेव्हा लांबून माणसे आपले घर कोठे होते ते पाहायला आली. पन्नास वर्षांनीही माणूस आपले घर शोधत येतो. बालगृहातला दहा वर्षांचा मुलगा आपल्या बहिणीला कोठे शोधणार, याचे उत्तर उजनीकाठच्या गावांनी आणि तेथील कार्यकर्त्यांनी आता दिले पाहिजे.